मम्मी आहे ना

"दुखलं ना बेटा, की हात वर करायचा. मी लगेच थांबणार," डॉक्टर म्हणाले. "आणि मी नाही थांबलो, तर मम्मी आहे ना. ती माझा कान पकडेल."

खुर्चीत पार बुडालेल्या साक्षीने मान वळवून आईकडे पाहिलं. वासंतीने मान डोलावली. तेव्हा कुठे पोरीने आ केला.

या डॉक्टरांची पद्धत भाईंदर पूर्वेला नावाजलेली. दुसरीकडे आईला बाहेर काढतात, पोराच्या तोंडावर हात दाबतात. इथे सगळं गोडीगुलाबीनं. आधी आरसा दाखवला, मग कापूस हुंगायला दिला. सुई तेवढी दाखवली नाही. तिला ते मुंगी म्हणाले.

मुंगी चावली. साक्षीने डोळे घट्ट मिटले, पण हात मांडीवरच ठेवले. डॉक्टरांनी पक्कड उचलली आणि आवाज खाली आणून वासंतीला म्हणाले, "जरा हात पकडा तिचे. प्रेमाने."

वासंतीने प्रेमानेच धरले. दाढ करकरली तसा उजवा हात तिच्या मुठीत हलला. झटापट नव्हती त्यात. बालवाडीत बाईंना काही विचारायचं असलं की करतात, तसा शिस्तीत वर निघाला होता. वासंतीने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच 'नाही' म्हटलं. आता सोडलं तर ही परत खुर्चीत बसायची नाही, आणि घरी हिचे बाबा म्हणणार, तुला एवढंही जमलं नाही. तिने हात खाली दाबला. तो पुन्हा वर आला. तिने नख रुतेपर्यंत दाबला.

"झालं पण!" दाढ टिणकन ताटलीत पडली. "शाब्बास! आता एकच राहिली. घाबरायचं नाही, मम्मी आहे ना जवळ."

साक्षी भांड्यात लाल थुंकली. रडली नाही. मनगट फ्रॉकला पुसत म्हणाली, "काका, आईला बाहेर पाठवा." आणि आपणहून मागे टेकली.

डॉक्टर खूश झाले. "बघा ताई, आमची दोस्ती झाली!"

बाहेर बाकावर एक गुजराती बाई मुलाला मांडीत आवळून बसली होती. वासंती तिच्याशेजारी टेकली. खाली एसटीडी बूथमध्ये कुणीतरी गावाकडच्या माणसाशी बेंबीच्या देठापासून ओरडून बोलत होतं. ते थांबल्यावर तिने दाराकडे कान लावला. निदान 'आई गं' तरी.

आतून हूं की चूं नाही.

"कितनी शाणी बेटी है आपकी," ती बाई म्हणाली. "हमारा तो अभी से मम्मी-मम्मी करता है."

"करने दो," वासंती म्हणाली.