खंडेनवमीचं हत्यार

गाडीच्या एसीच्या झडपेतून पुन्हा गरमच हवा आली, आणि मागे उभ्या राजवर्धनने मुद्दाम रुमाल काढून मान पुसली.

“छोड ना, ईशानी,” तो म्हणाला. “इंदौरवाल्यांनी नवा कॉम्प्रेसर टाकला, गॅस भरला. आता तू काय वेगळं करणार?”

ईशानीने भावाकडे वळूनही पाहिलं नाही. देवासच्या त्या अंगणात सकाळीच क्वारचं, आश्विनातलं ऊन चटके देत होतं. ओसरीवर खंडेनवमीचा पाट मांडलेला होता आणि गुरुजी हातपाय धुऊन बसले होते. वडिलांची अट कालपासून तिच्या छातीवर बसली होती. पूजेच्या आत त्यांची जुनी जर्मन गाडी थंड झाली, तर हाटपिपल्या रोडवरचं तिचं गॅरेज चालू राहील. नाही तर शटरची चावी त्यांच्या खिशात, आणि ती इंदौरला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला.

वडील म्हणजे विक्रमसिंह, घरात आबासाहेब. ‘आपल्या घराण्यात हाताला हत्यार शोभतं, पाना नाही,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांच्या स्वतःच्या हाताला हत्यार वर्षातून एकदाच लागायचं, आजच्या दिवशी, आणि तेही पुसण्यापुरतं. पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

ईशानीने गेज लावून गॅसचा दाब पाहिला. दाब ठीक होता. बोनेटखालची नळी हाताला गार लागली, तिला थेंबही सुटले होते. म्हणजे गारवा तयार होत होता, आत पोचत मात्र नव्हता. तिने पंखा पूर्ण सोडला. आवाज मोठा आला, वारा जेमतेम. त्याबरोबर नेहमीचा तो आंबूस वास आला. अस्सल जुन्या चामड्याचा वास म्हणून आबासाहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, तोच.

ती जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकली. एसीचं पाणी बाहेर पडायच्या नळीतून थेंब-थेंब गळत होतं. पाणी पिवळसर होतं. तिने बोटावर घेऊन वास घेतला. हळद. नळीच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं, ते तिने नखाने ओढून काढलं. फुगलेला तांदळाचा दाणा होता.

ईशानीने दाण्याकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या पूजेच्या ताटाकडे, आणि तिला गाडीखालीच हसू फुटलं.

दर खंडेनवमीला तलवारींनंतर या गाडीची पूजा होई. आबासाहेबांना चिमटीने अक्षता वाहणं कधी जमलंच नाही. ते मूठ भरून समोरच्या काचेवर उधळत. काचेच्या खाली जाळी होती, आणि बाहेरची हवा त्याच जाळीतून आत जायची.

तिने वायपर काढले, जाळी उचलली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या निघाल्या. मग तांदूळ निघाला, वर्षानुवर्षांचा, ओल धरून धरून त्याची ढेकळं झालेली. ब्लोअरच्या पात्यांत तांदूळ, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या तोंडावर तांदूळ. ती खरवडत गेली, ब्रश मारत गेली, पाण्याने धूत गेली. अंगणातल्या वर्तमानपत्रावर चांगला ढीग जमला.

“ईशानी, अब बस,” आबासाहेब ओसरीवरून म्हणाले. “मुहूर्त टळतोय. शटरची चावी आण.”

“आणते. पण आधी आत बसून पाहा.”

ते फेटा सांभाळत गाडीत बसले. तिने काच वर केली आणि एसी चालू केला. फेट्याचा शेमला हलला. आबासाहेबांनी डोळे मिटले. गुरुजींनी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, पण ते काही उतरेनात. राजवर्धनने रुमाल खिशात घातला. ईशानीला इतका आनंद झाला होता की हातातला ब्रश कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

अखेर ते उतरले. कपाळ कोरडं होतं. त्यांची नजर वर्तमानपत्रावर गेली.

“हे काय?”

“तुमच्या अक्षता आहेत, आबासाहेब. इतक्या वर्षांच्या.”

त्यांनी वाकून ढिगातलं एक ढेकूळ बोटांनी फोडून पाहिलं. मग ते ओसरीवर चढले. पाटावर घरातल्या पुरुषांची हत्यारं ओळीने मांडलेली होती. तिथे मुलीचं काही ठेवायची रीत या घरात नव्हती. आबासाहेबांनी आपली तलवार थोडी बाजूला सरकवली, अंगणात परत आले, नळ्यांसकट ईशानीचा गेज उचलला आणि तो त्या मोकळ्या जागी ठेवला.

त्यांनी सवयीने मूठभर अक्षता उचलल्या. हात हवेतच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“यात कुठे टाकायच्या नाहीत,” ते म्हणाले, “तेवढं आधी सांग.”