पाइपसाठी खाच

चिठ्ठीवरची खिडकी धाकटीच्या घरातली होती.

रुंदी साडेसदतीस इंच, उंची एक्कावन्न. खाली दुकानातल्या मास्तरांच्या अक्षरात एक ओळ: ‘खालच्या कोपऱ्यात पाइपसाठी खाच, चार बोटं.’ पडद्यांच्या दुकानात सात वर्षं मशीन चालवणारी बाई एक वेळ माणसाचा चेहरा विसरेल, पण स्वतःच्या घरच्या खिडकीचं माप विसरायची नाही. तिच्या खोलीत कुणा आळशी गवंड्यानं भिंत फोडायचा कंटाळा करून पाण्याचा पाइप खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतला होता. पडदा त्यावर चुरगळून बसायचा. म्हणून तिनं तेवढं कापड कापून खाच केली होती. घरचं कापड दुकानाच्या मशीनवर शिवायचं नाही, असा इथला नियम. सगळा पडदा तिनं घरी बसून हातानं शिवला. त्या पाइपबद्दल किंवा खाचेबद्दल ती कुणाला काही बोलली नव्हती. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय?

परवाच लेक म्हणाली होती, “आई, घरमालक काका एका मावशींना घेऊन आले होते. त्यांनी खिडकी मोजली. मी टेपचं टोक धरलं.” धाकटीला वाटलं, डासांची जाळी बसवणार असतील. बरंसुद्धा वाटलं. जाळी बसवणारा माणूस भाडेकरूला एवढ्यात काही काढत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. जाळी कसली नि काय.

दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. काकांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. “शनिवारी पैसे आण, खोली तुझीच. तोवर कुणाला दाखवणार नाही,” असा शब्दही दिला होता. आज शुक्रवार. तातडीच्या कामाला दुकानात दुप्पट मजुरी मिळायची आणि हे काम तातडीचं होतं. साठवलेल्यात एवढ्याची भर पडली की थकलेलं भागणार होतं. म्हणजे खोली राखायला ती जो पडदा शिवणार, तोच तिला बाहेर काढून तिथं लागणार. आता बोला.

ती चिठ्ठी घेऊन मास्तरांपाशी गेली. “मास्तर, हे काम कुणाचं?”

“गिऱ्हाइकाचं,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “पाचला द्यायचंय. जमत नसेल तर सांग, दुसरीला देतो.”

“जमेल,” ती म्हणाली. चिठ्ठी घडी करून तिनं खिशात घातली आणि कापड टेबलावर पसरलं.

दुसरं काय म्हणणार? नवरा गेला तेव्हा ही खोली मिळवायला तिनं अकरा दारं वाजवली होती. गेला म्हणजे वारला नव्हता, निघून गेला होता, त्यामुळे लोकांची हळहळसुद्धा अर्धीच मिळायची. एकट्या बाईला खोली दाखवण्याआधी लोकांना तिचा नवरा बघायचा असतो. ही बारावी खोली. समोरच शाळा. लेक आपली आपण घरी यायची, कुलूप उघडायची आणि आई येईपर्यंत खिडकीपाशी अभ्यास करत बसायची. खोली गेली की शाळा जाणार, आणि लेकीला एकटी कुठं ठेवायची म्हणून नोकरीही जाणार. पहिल्यांदा तिला राग आला. मग भीती वाटली. मग दोन्ही एकदम.

शेजारच्या मशीनवर ताई होती. ताई म्हणजे काही सख्खी नव्हे. दोघी एका डब्यात जेवायच्या, एकीला ठेच लागली तर दुसरी ‘आई गं’ म्हणायची, म्हणून दुकानानं एकीला ताई नि दुसरीला धाकटी करून टाकलं. ताई भावाकडे राहायची. स्वयंपाकघरात, पोराला कुशीत घेऊन, आणि वहिनीच्या पायरवानं उठून बसायची. धाकटीच्या खोलीचं तिला भारी अप्रूप. सकाळी ऊन येतं का? पाणी किती वेळ असतं? मालक कटकट्या आहे का? भाडं किती महिने थकलं? जेवता जेवता विचारायची. धाकटी सगळं सांगायची. कुणीतरी विचारतंय याचंच बरं वाटायचं. “अगं, एकदा येऊन बघ तरी,” असं ती दहादा म्हणाली होती. ताई कधी आली नाही. परवा तर अर्ध्या दिवसाची रजा होती, पण पोराला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणे.

आज ताईचं कामात लक्ष नव्हतं. दुपारी जेवलीही नाही. मशीन थांबवून सारखी धाकटीच्या टेबलाकडे बघत होती. धाकटीला वाटलं, हिला आपला चेहरा वाचता येतो. सांगावं का हिला? सांगितलं की रडू फुटेल. संध्याकाळी सांगू.

कापड निळं होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं. कडा दुमडून झाल्या, वरची पट्टी झाली. खाच राहिली होती. तिनं खडूनं चार बोटांचा चौकोन आखला. डोळे भरून आले होते, पुढचं नीट दिसत नव्हतं. कात्री उघडून तिनं कापडात घातली.

शेजारून ताईचा हात आला आणि तिनं धाकटीचं मनगट धरलं.

“थांब गं, कापड उलटं घेतलंयस,” ताई म्हणाली. “खाच उजवीकडे जाईल. पाइप डावीकडे आहे ना.”

धाकटीनं कात्री खाली ठेवली. खिशातून चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. पाइप कुठल्या बाजूला, ते मास्तरांनी लिहिलंच नव्हतं.