वीतभर खाली

बास्केटबॉलच्या रिंगचा नारिंगी रंग मागच्या बाजूला उडून आतलं लोखंड दिसत होतं. पुढची कड मात्र जवळजवळ नवी होती. विज्ञानाच्या मॅडमना त्याचं कारण माहीत होतं. रिंग नियमाच्या उंचीपेक्षा वीतभर खाली होती. मुलं जोर लावून चेंडू टाकत, तो पुढच्या कडेवरून सहज जाई आणि मागे आपटून आत पडे.

रिंग खाली का, तर शाळेच्या हॉलच्या छपराची तुळई आडवी येत होती. वेल्डरने रिंग जिथे बसली तिथे बसवली आणि जमिनीपासून तेवढ्या उंचीची एक दोरी कापून ठेवली. शेजारच्या शाळेने टीम काढली, तेव्हा त्यांनी मापाला तीच दोरी नेली. मग तिसऱ्या शाळेने नेली. आता मॅडमनी सुरू केलेल्या लीगमध्ये एकवीस शाळा होत्या आणि एकवीसही ठिकाणी रिंग वीतभर खाली होती.

आज वेल्डर पुन्हा दारात उभा होता. आणखी दोन शाळांचे खांब उद्या उभे करायचे होते.

"मॅडम, जुनीच दोरी नेऊ, की नव्या मापाची कापून देताय?"

"बघू."

"हे 'बघू' दोन वर्षं ऐकतोय मी," बाकावर बसलेले सर म्हणाले. ते पलीकडच्या शाळेत खेळ शिकवत आणि सामन्यांचं वेळापत्रक ठरवायला आले होते. "आता तरी नियमाची उंची घ्या. निवड चाचणीला आपली मुलं गेली आणि सगळ्यांचे चेंडू पुढच्या कडेवर. तिथला एक जण मला विचारतो, तुमच्याकडे बसून खेळतात का हो?"

वेल्डर हसला. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांची मुलगी हॉलच्या दुसऱ्या टोकाला चेंडू गोळा करत होती. शाळेच्या टीमची ती कॅप्टन. शाळेत आईला तीही मॅडमच म्हणे. चाचणीत तिचाही एकही चेंडू आत गेला नव्हता. नंतर नदीपलीकडच्या क्लबच्या कोचने तिला बाजूला घेतलं होतं. "हात चांगला आहे तुझा. आमच्याकडे ये, वर्षभरात उंचीची सवय होईल. पण दोन्हीकडे खेळायचं नाही, हात बिघडतो." घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हाही आई म्हणाली होती, "बघू."

रोज संध्याकाळी मुलगी हॉलला कुलूप लावी आणि दोघी चालत घरी जात. त्या रस्त्यावर मुलगी जेवढं बोले, तेवढं घरात कधी बोलत नसे.

"निदान स्वतःच्या मुलीसाठी तरी रिंग वर घ्या," सर आवाज उतरवून म्हणाले.

"माझ्या मुलीसाठी म्हणून, तेच तर नकोय. आणि वर घेतली, तर या चिल्ल्यापिल्ल्यांचं काय?"

पाचवीतली टाचणी रेषेवर उभी होती. नाव वेगळं होतं, पण तिला टाचणीच म्हणत. तिने चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांपासून उचलला आणि सगळ्या अंगाने वर फेकला. तो कडेवर फिरला, क्षणभर थांबला आणि आत पडला.

"ताई, गेला! बघितलंस?"

"बघितलं. पण तुझा पाय रेषेवर होता," मॅडमची मुलगी म्हणाली.

"रेषेवर नव्हता काही! नुसता चिकटला होता!"

मॅडम सरांकडे वळल्या. "ही पहिल्या दिवशी आली, तेव्हा तिचा एक चेंडू आत गेला. म्हणून ती दुसऱ्या दिवशी आली आणि येताना तीन मैत्रिणींना घेऊन आली. आपली लीग अशी वाढलीय, सर. मी भिंतीवर खडूने नियमाच्या उंचीची रेघ मारून पाहिलं. या मुलींचा चेंडू रेघेला टेकतो आणि खाली येतो."

"मग वर-खाली होणारे खांब घ्या."

"एकवीस शाळांना? कोण देणार?"

"माझ्याकडे बघू नका," सर म्हणाले. "माझा पगार घरी पोचायच्या आत संपतो."

तेवढ्यात मुलगी चेंडू काखेत धरून रिंगखाली आली. जाळीचा एक दोरा सुटून खाली लोंबत होता. तिने टाचा उचलल्या आणि दिव्याचं बटण दाबावं इतक्या सहज त्याला बोट लावलं. गेल्या वर्षी त्यासाठी तिला उडी मारावी लागे. मॅडम त्या हलणाऱ्या दोऱ्याकडे पाहत राहिल्या. तो हलायचा थांबला.

"दादा, जुनीच दोरी न्या," त्या वेल्डरला म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. "झालं! म्हणजे मोठ्या मुलांनी जन्मभर वीतभर खालीच खेळायचं?"

"नाही. ज्याचं बोट उडी न मारता जाळीला लागेल, त्याने लीग सोडायची आणि पूर्ण उंचीवर खेळायला जायचं. त्याला तिथे पोचवणं आपलं काम."

"चांगली मुलं तयार करायची आणि दुसऱ्याला देऊन टाकायची? कुठली शाळा ऐकेल? आणि सुरुवात कोणापासून करणार?"

रिंगखालून मुलगी दोन पावलं पुढे आली.

"आई?" मुलगी म्हणाली.

मॅडमनी हॉलची किल्ली टेबलावरून उचलून आपल्या पर्समध्ये ठेवली.

"उद्यापासून," त्या सरांना म्हणाल्या. "आणि हिच्यापासून."