हातांना मोकळीक

चौऱ्याहत्तर साली नागपूरहून चंदिगडला बदली झाली, तेव्हा रघुनाथरावांनी ओळखी काढून उल्काला नव्या धर्तीच्या शाळेत घातलं. या शाळेत छडी नाही, पाठांतर नाही, बाकंसुद्धा नाहीत. बुटकी टेबलं आणि त्यांवर माती, रंग, लाकडी ठोकळे. जे शिकायचं ते मुलांनी स्वतःच्या हातांनी करून शिकायचं! हे तत्त्वज्ञान मुख्याध्यापिका मिसेस ग्रेवाल यांनी पालकसभेत दीड तास समजावलं, आणि पालकांनी ते हाताची घडी घालून ऐकलं.

मग सगळ्यांना वर्ग दाखवायला नेलं. मुलं कोपरापर्यंत मातीने माखली होती. शशिकलाबाईंना अगदी गहिवरून आलं. त्यांची पाच वर्षांची उल्का मात्र एकट्या उजव्या हाताने मातीचा हत्ती बनवत होती, आणि त्याची सोंड सारखी गळून पडत होती. तिचा डावा हात खुर्चीला बांधलेला होता. तिच्याच वेणीच्या लाल रिबिनीने, छान फूल करून.

"अगं, हे काय?" शशिकलाबाईंनी घाबरून विचारलं.

"मॅडमनी बांधला," उल्का खाली मान घालून म्हणाली.

मिसेस ग्रेवालनी प्रेमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लेफ्टी है जी, सब काम उल्टे हाथ से करती है. पहले ये आदत छूट जाए, फिर इसे भी पूरी आज़ादी!"