तिसऱ्या जागेचा सामना

सदानंद कारखानीसांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि ते श्यामरावांना रोज सकाळच्या चहाबरोबर आठवायचं.

कारखानीसांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कारखानीसांनी १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधल्या फुटबॉलवर एक पुस्तक लिहून पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवलं होतं. श्यामराव त्या प्रकाशकासाठी वर्षानुवर्षं हस्तलिखितं वाचत आले होते. मुलाकडे, स्वानंदकडे, कतारला दोह्यात आल्यावरही ते काम सुटलं नव्हतं. प्रकाशकाने गठ्ठा इकडे पाठवला. इथे घरी पोस्टमन येत नाही, येईल ते सुनेच्या ऑफिसच्या पेटीत. श्यामरावांचे दिवाळी अंक येत तसाच तो गठ्ठाही आला आणि मधुराने घरी आणून दिला.

सोबत लेखकाचं पत्र होतं. 'आपली ओळख नाही, तेव्हा भीड बाळगू नये. हे पुढे लिहावं की फाडून टाकावं, तेवढं सांगावं.'

याला आता वर्ष होत आलं होतं.

"बाबा, आमटी कशी झालीय?" मधुराने जेवताना विचारलं.

"छान."

"मीठ घालायला विसरलेय मी."

"तरी छान आहे," श्यामराव म्हणाले. स्वानंद मोठ्याने हसला.

"अगं, बाबांना कशाला विचारतेस? तू दगड शिजवलेस तरी छानच म्हणतील."

"तेच तर." मधुराने मीठ पुढे सरकवलं. "त्या कारखानीसांना कळवलंत का काही?"

"अजून नाही."

"वाट बघत असतील हो ते."

"ईमेल टाका की," स्वानंद म्हणाला. "दोन मिनिटांत खलास."

"ईमेल दिलेला नाही त्यांनी. फोनही नाही."

"अजब माणूस आहे!"

मधुरा ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, वाईट असेल तर वाईट लिहा ना. पण लिहा."

"मला फुटबॉलमधलं काय कळतं?" श्यामराव म्हणाले. "आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही. मी कोण एखाद्याला फाडून टाक म्हणून सांगणारा? आणि मी चांगलं म्हटलं, तर त्याला तरी काय किंमत?"

मधुरा ताटं उचलायला लागली.

त्या आठवड्यात त्यांनी सगळं हस्तलिखित पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. रविवारी मधुरा ऑफिसातून आली तेव्हा ते बूट घालून, मांडीवर दोन पाकिटं घेऊन बसले होते.

"द्या, मी उद्या जाताना टाकते," ती म्हणाली.

"नको. मला पोस्टात सोड. मी स्वतः टाकतो."

अल सद्दच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. मधुराने एसी वाढवला, मग कमी केला.

"काय लिहिलंत त्यांना?"

"लंडनला डेन्मार्कने फ्रान्सवर सतरा गोल केले, तो भाग आहे ना, तो फसलाय."

"फसलाय?"

"सतरा गोल खाल्ले, तिसऱ्या जागेचा सामना खेळायचा होता, तो न खेळताच ती माणसं घरी निघून गेली. आणि लेखकाने त्यांना एक परिच्छेद देऊन वाटेला लावलंय. जिंकणाऱ्यांवर मात्र पानंच्या पानं. हरलेल्यांजवळ थांबायला तो घाबरला."

"पण परत जाताना ते काय बोलले, हे कुठेच सापडत नाही, बाबा."

श्यामरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, सापडत नसेल," ती म्हणाली. "एवढं जुनं सगळं."

"नसेल सापडत. मग सापडत नाही असं लिहावं आणि तरी तिथे थांबावं. एक सामना उरलेला असताना माणूस सामान का बांधतो, हे त्या लेखकाला नक्की ठाऊक आहे. मी तसं स्पष्ट लिहिलंय. ते प्रकरण फाडा आणि नव्याने लिहा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा कुठे मधुराने गाडी पुढे काढली.

"आणि बाकीचं पुस्तक?" तिने विचारलं.

"हे दुसरं पाकीट पुण्याला चाललंय. तेवढं प्रकरण आलं की छापा, म्हणून. इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं."

पोस्टासमोर गाडी लावायला जागा नव्हती. श्यामराव एकटेच उतरले. काउंटरवर तिकिटं लावून घेताना त्यांनी कारखानीसांचा पत्ता, दिवाळी अंकांवर असायचा तोच पेटी क्रमांक, एकदा नीट वाचला, क्षणभर पाकीट हातात धरून ठेवलं आणि मग आत सरकवलं.

परत येऊन त्यांनी सीटबेल्ट लावला. मधुरा समोर बघत होती.

"परवा ऑफिसच्या पेटीत येईल ते," श्यामराव म्हणाले. "तिथेच गाडीत बसून वाच, मधुरा. घरी आलीस की मी परत तुझा सासरा असेन."