भिंतीवरचे ठोके

"चौथ्या कॅसेटमध्ये ड्रम नकोतच," कोकिळा म्हणाली, आणि गिटारवाला दाढी खाजवत खिडकीबाहेर बघू लागला. म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. बेसवाला मुळातच भिडस्त. त्यानं मान खाली घालून तारा पुसायला घेतल्या. ड्रम वाजवणारा ठोक्या समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर दोन्ही तळवे ठेवून नुसता बसून राहिला.

त्याच्यावर खोकं बडवायची पाळी का आली, ती हकिकत गमतीची आहे. चौघांचा हा बँड कोकिळेच्या मावशीच्या मागच्या खोलीत जन्मला. कोकिळेचा आवाज चांगला खरखरीत. म्हणूनच तिचं नाव कोकिळा. मावशीनं किल्ली देताना एकच अट घातली होती: शेजारून तक्रार आली की खोली बंद. दुसरी जागा घ्यायची कुणाचीच ऐपत नव्हती. आणि शेजारी होते फोरमनकाका. कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, धिप्पाड. भुवया अशा की समोरच्यानं न केलेली चूकसुद्धा कबूल करून टाकावी. जिन्यात भेटले की ठोक्या अदबीनं "काका, बरं आहे ना?" म्हणे. काका मान न वळवता वर निघून जात.

पहिली कॅसेट त्यांनी चार दुपारी दणदणाट करून भरली. ठोक्यानं असे ड्रम बडवले की कपाटातल्या बश्या नाचल्या. पलीकडून चकार शब्द आला नाही. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी कोकिळेला वाटलं, एखादं हळुवार गाणंही हवं. ऐन त्या हळुवार कडव्यात पलीकडून भिंतीवर धाडधाड ठोके पडले. चौघांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या हळू वाजवण्याचासुद्धा त्रास होतो, म्हणजे म्हातारा भलताच नाजूक कानाचा. पहिल्या वेळी बिचाऱ्यानं दात-ओठ खाऊन सोसलं असणार. त्यांनी ड्रमवर चादरी घातल्या. ठोके वाढले. तिसऱ्या कॅसेटला काठ्या जाऊन तारांचे ब्रश आले, मग ब्रश जाऊन खोकं आलं. ही मंडळी जितकी हळू होत गेली, तितकी भिंत जोरात वाजू लागली.

यातली मौज अशी की लोकांना हे आवडलं. एका संगीत मासिकानं 'गोंगाटाकडून मौनाकडे' अशा मथळ्याचा लेख छापला. या तरुणांनी शांततेचा शोध लावला आहे, असं त्यात म्हटलं होतं. गिटारवाल्यानं तो कापून दारावर चिकटवला. हा शोध चादरीखाली गुदमरून लागला आहे, हे ठोक्याशिवाय कुणाला जाणवत नव्हतं.

आता कोकिळा समजावणीच्या सुरात सांगत होती की कालसुद्धा ठोके पडलेच, मावशीच्या कानावर गेलं तर खोली हातची जाईल, आणि तू हवं तर झांजा वाजव. झांजा म्हटल्यावर ठोक्यानं खोकं पायानं बाजूला सरकवलं. त्याला या जगात एकच गोष्ट धड येत होती. ती सोडली तर या तिघांत त्याचं काही काम उरत नव्हतं, आणि या तिघांवाचून त्याला करमत नव्हतं. पाणी पिऊन येतो म्हणून तो उठला आणि थेट शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

बेल दाबली, कुणी आलं नाही. कडी वाजवली, तरी नाही. एवीतेवी बँडमधून गेलोच आहोत, तर मनासारखं वाजवून तरी जाऊ, असं म्हणत त्यानं दोन्ही मुठींनी दार बडवलं. ते लगेच उघडलं. फोरमनकाका त्याच्या मुठींकडे बघत होते.

ठोक्याची पाचावर धारण बसली. तरी एका दमात त्यानं सगळं सांगून टाकलं. ड्रम वाजवणारा तो मीच, एवढे दिवस तुम्हाला त्रास दिला, माफ करा, उद्यापासून ड्रम कायमचे बंद. फक्त जाण्याआधी एक गाणं पहिल्यासारखं वाजवू द्या, एकच.

काका त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत होते. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत ओढलं. खोलीत सामान बेताचंच होतं. एक खुर्ची मात्र पाठ भिंतीला चिकटवून मांडलेली होती, आणि तिच्या बाजूला हाताच्या उंचीवर भिंतीचा गिलावा पार उडाला होता. काकांनी त्याला त्या खुर्चीत दाबून बसवलं. पलीकडे बेसवाला बहुधा मन रमवायला काहीतरी वाजवत होता. त्याचा एकेक सूर ठोक्याच्या पाठीच्या कण्यातून वर चढला.

"मशीनच्या आवाजानं कान गेलेत माझे," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडचा बेस थांबला. "तू पहिल्यांदा वाजवलंस ना, तेव्हा कितीतरी वर्षांनी मला काहीतरी ऐकू आलं. इथे बसून पोरासारखा रडलो मी. मग तुम्ही आपले दिवसेंदिवस हळूच होत चाललात."

ठोक्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. काकांनी सवयीनं मूठ वळून गिलावा उडालेल्या जागी दोन सणसणीत ठोके घातले.

"दोन वर्षं भिंत बडवून सांगतोय, जरा जोरात वाजवा म्हणून," ते म्हणाले. "तुम्हालाही ऐकू येत नाही का रे?"