फुटबोर्डावरचे दोन ओलीस

नेब्रास्कातल्या त्या छोट्या बँकेत ऑरिन आणि अर्डिस सहा वर्षं शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसत होते, पण ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे बोलणं कधी गेलं नव्हतं. त्या दुपारी दरोडेखोरांनी बँक लुटली आणि पोलिसांनी गोळ्या झाडू नयेत म्हणून दोघांना मोटारीच्या बाहेर, दाराखालच्या फुटबोर्डाच्या पायरीवर उभं केलं. गाडी मक्याच्या शेतांमधून सुसाट सुटली. अर्डिसचा पाय घसरला.

“अरे बावळटा, कमरेला धर की तिच्या! पडेल ना ती!” आतून बंदूकवाला ओरडला.

ऑरिनने धरलं.

गावापासून लांब, सुनसान रस्त्यावर दोघांना उतरवून टोळी पसार झाली. तासाभराने धुरळा उडवत शेरीफची गाडी आली, तेव्हा दोघं हसत-बोलत गावाकडे चालले होते. अर्डिस अनवाणी होती आणि तिचे उंच टाचांचे बूट ऑरिनच्या हातात होते.

“जिवंत आहात, देवाची कृपा! बसा पटकन, अर्ध्या तासात घरी सोडतो.”

“तुम्ही आधी त्यांना पकडा, साहेब,” ऑरिन म्हणाला. “आम्ही येतो चालत.”

“अरे, वेड लागलंय का? गाव पंधरा मैल आहे इथून!”

अर्डिसचा चेहरा पडला.

“पंधराच?”